संशय होता तर थांबलात का?

दुबईत करामा भागातल्या आमच्या क्लिनिकमध्ये माझ्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. एकावर पेशंटची फाइल, दुसऱ्यावर इन्शुरन्सचं पोर्टल. पेशंट समोर बसला की मधल्या फटीतून मला त्याचा अर्धाच चेहरा दिसतो. म्हणून नवीन माणूस आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खुर्ची जरा इकडे घ्या."

मी मिरजेला शिकले. सांगलीत काही वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला आणि मग नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ इकडे आले. राहतो शारजात, कारण भाडं परवडतं. नोकरी करामात, कारण माझा परवाना त्या क्लिनिकच्या नावावर आहे. इथे डॉक्टरचा परवाना जागेला बांधलेला असतो. त्या दाराबाहेर पडले की मी कुणावर उपचार करायचे नाहीत. सांगलीत लोक मला भाजीच्या गाड्यापाशी थांबवून जीभ दाखवायचे.

इथे आल्यावर मला नव्याने शिकावं लागलं ते लिहायला. पेशंट म्हणतो "कंबर दुखते", पण तेवढं लिहून भागत नाही. कधीपासून, कुठे, कशाने वाढते, कशाने थांबते, आणि त्या सगळ्याला जुळणारा कोड. कोड आणि तपासणी जुळली नाही की क्लेम परत येतो. असे क्लेम साठले की महिनाअखेरीला मॅनेजर केबिनमध्ये बोलावतात. ते केरळचे, सभ्य गृहस्थ. आवाज कधी चढवत नाहीत. नुसता स्क्रीन माझ्याकडे वळवतात आणि म्हणतात, "डॉक्टर, युवर रिजेक्शन्स." जणू मी ती घरून डब्यात आणलेली असतात.

या सगळ्याची सवय होते. पण अंगात एक चुळबुळ कायमची राहते. पेशंटशी बोलताना निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं, औषध लिहिताना ते विम्याच्या कार्डावर बसतं का हे मनात चालू असतं, आणि घरी भात लावताना आठवतं की अमक्याचा कोड बदलायचा राहिला.

ती बाई आली तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. चाळिशीची असेल. डोक्याला स्कार्फ, अंगावर स्कूलबसच्या मदतनीस बायका घालतात तो चमकत्या पट्ट्यांचा कोट. म्हसळ्याकडच्या एका गावची. नवरा रुवैसला रिफायनरीच्या कामावर, परांची बांधणाऱ्या टोळीचा फोरमन, दोन-दोन आठवड्यांनी घरी येणारा. ही मुलीला घेऊन शारजात राहायची आणि मुलीच्याच शाळेच्या बसवर नॅनी म्हणून काम करायची. मुलांना चढवायचं, पट्टे बांधायचे, मोजायचं, उतरवायचं. बस कंपनीने दिलेल्या तिच्या कार्डावर जी मोजकी क्लिनिकं चालत, त्यात आमचं एक.

"मराठी बोलता ना तुमी?" तिने बसता बसताच विचारलं. "बाहेर पाटीवर नाव वाचलं. म्हटलं, बरं झालं. हिंदीत दुखणं नीट सांगता येत नाय."

"सांगा ना भाभी. काय होतंय?"

"कंबर धरलीय. डावा पाय पार टाचेपर्यंत ठणकतो."

"आणि उजवा?"

"उजव्यात कधी कधी मुंग्या येतात. तेवढंच."

"लघवी, संडास?"

"ठीक हाय."

तिला झोपवून मी पाय उचलून पाहिले. मग टाचेच्या वर छोटी हातोडी मारली. उजवं पाऊल पटकन हललं. डावं हललं, पण उशिरा आणि थोडंसं. मी दोन-तीनदा मारून पाहिली. तिला गंमत वाटली. "लहान पोरांसारखं हाय हे," ती हसत म्हणाली.

"मुलांना उचलावं लागतं का?"

"केजीची पोरं हायत, मॅडम. घरी जाताना झोपतात. उचलूनच आयांच्या हातात द्यावी लागतात."

मी पोर्टलवर एमआरआयची मंजुरी मागितली. तासाभरात उत्तर आलं. आधी सहा आठवडे औषधं आणि फिजिओथेरपी करावी, सध्या तपासणीची गरज सिद्ध होत नाही.

हा नियम अगदी वेडगळ नाही. कंबरदुखीची बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात, आणि मीही आलेल्या प्रत्येकाला मशिनमध्ये घालत नाही. पण हिच्या दोन्ही पायांत काहीतरी होतं आणि डावं पाऊल उशिरा हललं होतं. ते मला डाचत होतं. एवढ्याशा गोष्टीला पोर्टलवर रकाना नव्हता. होता तो "इतर", आणि "इतर" कुणी वाचत नाही असं आमच्या इन्शुरन्स डेस्कवरची फिलिपिनो बाई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीच्या डॉक्टरशी बोलायची वेळ मागितली. अशी सोय असते. इकडचा डॉक्टर तिकडच्या डॉक्टरला फोनवर पटवून देऊ शकतो. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक तरुण आवाज आला. इंग्रजीत, पाठ केल्यासारखा. तपासणीत काय सापडलं, औषधं किती दिवस दिली, फिजिओच्या किती बैठका झाल्या.

"एकही नाही. कालच आलीय ती."

"देन डॉक्टर, ॲज पर पॉलिसी..."

"अहो, पण दोन्ही पायांत आहे!" माझ्या तोंडून मराठीतच निघालं.

 पलीकडून अगदी वेगळ्या आवाजात, "मॅडम, तुम्ही मराठी?"

तो लातूरचा निघाला. एमबीबीएस झालेला. इकडे क्लिनिकमध्ये काम करायचा परवाना मिळायला त्याच्या अनुभवाची वर्षं कमी भरत होती, म्हणून तोवर विमा कंपनीच्या ऑफिसात हेडफोन लावून बसला होता. दिवसभर न पाहिलेल्या पेशंटांबद्दल हो-नाही सांगायचं.

"मॅडम, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय," तो म्हणाला. "पण कॉल रेकॉर्ड होतो. माझ्यासमोर ठरलेले प्रश्न आहेत. पायात ताकद कमी आहे का?"

"आत्ता तरी नाही."

"बधिरपणा? लघवीवर ताबा?"

"ती ठीक म्हणते."

"मग मी पुढे जाऊच शकत नाही. यातलं एक जरी असतं..." तो थांबला. पुढचं वाक्य त्यालाही बोलता येत नव्हतं आणि मलाही ऐकायचं नव्हतं. नसलेलं लिहिणं हा गुन्हा आहे आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, "तसं काही झालं तर आम्हाला विचारूच नका. सरळ इमर्जन्सीला पाठवा. तिथे मंजुरी लागत नाही."

"आणि इमर्जन्सीवाल्यांनी ही इमर्जन्सी नाही असं ठरवलं तर?"

"मग बिल पेशंटवर येतं, मॅडम."

मी तिला पुन्हा बोलावून गोळ्या दिल्या, फिजिओच्या वेळा दिल्या, काय झालं तर लगेच यायचं ते समजावलं. मुलांना उचलू नका म्हणून सांगितलं. तिने मान हलवली, पण नंतर मला वाटत राहिलं की ती फक्त ऐकून घेत होती.

पुढचे दिवस तसेच गेले. संध्याकाळी करामातून शारजाला निघालं की गाड्यांच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. माझी मुलगी शेजारी शाळेतलं काहीतरी सांगत असायची आणि मी समोरच्या टेललाइटकडे बघत मनात त्या पावलावर हातोडी मारत असायचे. उशिरा हललं होतं का, की मलाच तसं वाटलं?

"आई, यू आर नॉट इव्हन लिसनिंग," ती म्हणायची.

"ऐकतेय गं."

"व्हॉट डिड आय से?"

मला सांगता यायचं नाही.

एका सकाळी फिजिओच्या यादीत तिच्या नावापुढे "नो शो" दिसलं. मागच्या वेळीही तेच होतं. पेशंट आला नाही तर आमच्याकडे रिसेप्शनवरून मेसेज जातो आणि विषय मिटतो. मी स्वतःच फोन लावला.

"मॅडम? मी बसवर हाय. पोरांना सोडलं आता, पार्किंगला बसलेय."

"फिजिओला का आला नाहीत?"

"कशी येऊ? नॅनी नसली तर बस हलवायची नाय, तसा रूल हाय. बदली बाई मिळत नाय लवकर. आणि दुखणं कमी हाय आता."

"कमी आहे?"

"हां. पाय जड वाटतो, पण दुखत नाय तेवढा. चप्पल निसटते, मी पट्ट्याची घेतली."

चप्पल निसटते म्हणजे पाऊल उचललं जात नव्हतं. समोर सर्दीचा पेशंट बसला होता. त्याला बाहेर थांबायला सांगून मी दार लावलं.

"भाभी, आता मी विचारते त्याचं नीट उत्तर द्या. बसल्यावर खालची जागा बधिर वाटते का? दोन मांड्यांच्या मधली?"

 बसमध्ये ड्रायव्हर असावा. ती हळू आवाजात म्हणाली, "सीटवर बसले तरी सीट हाय की नाय ते कळत नाय. मना वाटलं, बसून बसून होतं तसं."

"आणि लघवी?"

"ती काय, मी पाणीच पीत नाय ड्यूटीवर. बसमध्ये बाथरूम कुठे? म्हणून होत नाय."

"काल घरी झाली?"

"थेंब थेंब. पोट फुगल्यासारखं हाय."

मणक्याच्या तळाशी नसांचा एक झुबका असतो. त्यावर दाब पडला की हे असं होतं, आणि तो दाब काढायला फार वेळ हातात नसतो. उशीर झाला तर लघवीचा ताबा आणि पायाची ताकद दोन्ही जातात. हे सगळं तिला फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "तिथेच थांबा. मी ॲम्ब्युलन्स पाठवते."

"नको!" ती घाबरली. "शाळेत ॲम्ब्युलन्स आली तर सगळे बघतील. मुलगी आत हाय माझी. कंपनीवाले काढूनच टाकतील. दुपारची पोरं सोडते, मग येते तुमच्याकडे."

"दुपारपर्यंत थांबायचं नाही."

"मग तुमीच या," ती म्हणाली. कदाचित मला टाळायला म्हणाली असेल.

मी पर्स उचलली आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. बाहेर बाकं भरलेली होती. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही असं जाऊ शकत नाही. तिथे तुम्हाला काही झालं, तिला काही झालं, जबाबदार कोण?" ते बरोबरच बोलत होते. मी पर्स खांद्याला लावून तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. अजून जेवणाची वेळ झाली नव्हती. "टेक युवर लंच ब्रेक," ते म्हणाले. "लाँग लंच."

शाळेच्या पार्किंगला पोचले तर ती बसच्या पायरीवर बसलेली. बदली बाई आल्याशिवाय हलायला तयार नाही. मी गाडी चालू ठेवून बसले. उन्हात त्या पिवळ्या बसगाड्यांकडे बघवत नव्हतं. सुपरवायझरला फोन, त्याचा पुढे कुणाला तरी फोन, "इन्शाल्ला, इन्शाल्ला" चाललेलं. मला ओरडावंसं वाटत होतं. शेवटी दुसऱ्या बसची एक श्रीलंकन बाई धावत आली, हिचा कोट बघून म्हणाली, "गो, गो, आय डू." मग ही उठली. गाडीपर्यंतच्या चार पावलांत तिचं डावं पाऊल डांबरावर घासत होतं.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्सने मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी यांची डॉक्टर."

"कुठल्या फॅसिलिटीच्या?"

मी क्लिनिकचं नाव सांगितलं. ती नम्रपणे म्हणाली, "मग इथे तुम्ही नातेवाईक. प्लीज बाहेर बसा."

मी बाहेर बसले. दोन वाक्यांत केस सांगायची संधी मिळाली ती पडदा ओढण्याआधी. डॉक्टर सुदानी होते, उंच, शांत. ते तिला हिंदी-इंग्रजी मिसळून तेच प्रश्न विचारत होते जे मी विचारले होते, आणि ती पडद्याआडून मोठ्याने "मॅडम, हे काय म्हणतात?" असं मला विचारत होती. मी बाकावरून मराठीत भाषांतर केलं. ते चालतं की नाही हे कुणी विचारलं नाही. लघवीची नळी घातली तेव्हा पिशवी भरतच राहिली. एमआरआय लगेच झाला. मंजुरीचा शब्दही निघाला नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा रिपोर्ट मला दाखवू शकत नव्हते. एवढंच म्हणाले, "सर्जरी टुडे. गुड यू डिडन्ट वेट."

तिला आत नेताना तिने माझा हात धरला. "मुलीला कोण आणील बसमधून?" तिला तेच सुचत होतं. मी तिच्या मुलीला आमच्या घरी नेलं. दोघी मुली एकमेकींशी इंग्रजीत बोलत जेवल्या. नवरा रुवैसहून कंपनीच्या पिकअपमधून निघाला होता. अंगावरची कामाची निळी डांगरीही न बदलता. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर त्याने मला फोन केला.  म्हणाला, "डॉक्टर, ती चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. मला खात्री नव्हती.

तिसऱ्या दिवशी आमच्या डेस्कवरच्या बाईने मला हाक मारली. लातूरवाल्याच्या फोननंतर मी लेखी अपीलही पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं. एमआरआय मंजूर. तिने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते बंद केलं.

मला वाटलं, संपलं. पण दीडेक महिन्याने आरोग्य खात्याकडून मेल आली. पेशंटच्या नातेवाइकाने तक्रार केली होती की क्लिनिकच्या डॉक्टरने निदानात उशीर केला, त्यामुळे पायाला कायमची इजा झाली. नातेवाईक म्हणजे तिचा भाऊ, इकडे मसाल्याचा धंदा असलेला. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. माझ्याकडून लेखी खुलासा हवा होता, आणि चौकशी चालू असेपर्यंत पेशंटशी संपर्क साधायचा नव्हता.

त्या काळात मी नीट बसू शकले नाही. क्लिनिकमध्ये पेशंट उठून गेला की मी त्याची नोंद पुन्हा उघडायचे, एक वाक्य जास्तीचं लिहायचे. घरी ओटा पुसायचे, पुन्हा पुसायचे. नवरा म्हणाला, "सांगलीला जाऊ या परत. आहे दवाखान्याची जागा अजून."

"आता? तक्रार डोक्यावर ठेवून?"

"मग काय करणार आहेस?"

"माहीत नाही रे. मला तिला एकदा फोन करायचाय, आणि तोच करता येत नाही."

राग होता. ज्या बाईला मी गाडीत घालून नेलं, तिच्या घरातून हे यावं? आणि त्याच वेळी दुसरा विचार येत राहायचा. पहिल्या दिवशी मी "लघवी, संडास?" असं विचारलं, ते रोज विचारते तसं, टाइप करता करता. ती "ठीक हाय" म्हणाली. तेव्हा ते ठीकच असेल. बहुतेक. पण पाणी पिता का, हे मी विचारलं नव्हतं. कुठलं पुस्तक ते विचारायला सांगतं?

खात्याच्या चौकशी समितीसमोर जायचं होतं तो दिवस सोमवार होता की मंगळवार, आठवत नाही. गारठलेली एसीची खोली आठवते. लांब टेबलामागे तीन डॉक्टर, एक बाई, दोन पुरुष. तिघंही सौम्य. माझी नोंद त्यांच्यासमोर छापलेली होती.

बाईंनी विचारलं, "पहिल्या भेटीत तुम्ही एमआरआय मागितला. का?"

"मला संशय आला होता. दोन्ही पायांत तक्रार होती, रिफ्लेक्स कमी होता."

"संशय होता तर थांबलात का? इमर्जन्सीला का पाठवलं नाही?"

"इमर्जन्सीची लक्षणं नव्हती."

"मग एमआरआय कशासाठी?"

मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कागदांकडे. विमा कंपनी म्हणत होती, संशय घेण्याइतकं काही नाही. इथे विचारत होते, एवढा संशय होता तर वाट कशी पाहिली. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी बरोबर होते. मधे मी होते, आणि ती बसवरची बाई होती. मी म्हटलं, "मॅडम, संशय आणि इमर्जन्सी यांच्या मधे काही दिवस असतात. त्या दिवसांत पेशंटला घेऊन कुठे जायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी मागितलं, नाही म्हणाले. फोन केला, नाही म्हणाले. ती आली नाही तेव्हा मी तिला शोधलं."

उजवीकडचे डॉक्टर वयस्कर होते.  त्यांनी विचारलं, "हॉस्पिटलमध्ये तिला कुणी आणलं?" कागदावर ते नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. तेही कधी काळी पेशंट बघत असतील.

निकाल यायला वेळ लागला. दोष नाही, पण नोंदी अधिक तपशीलवार ठेवाव्यात आणि पेशंटला दिलेल्या सूचना लेखी द्याव्यात. नवऱ्याने मिठाई आणू का विचारलं. मी म्हटलं, "नको, झोपते."

त्यानंतर मी भित्री झाले. दुसरा शब्द नाही. एका दुकानात उभं राहून काम करणारा तरुण मुंग्या येतात म्हणून आला, तर मी त्याला थेट इमर्जन्सीला पाठवलं. तिथे तपासून दोन तासांत परत पाठवलं, आणि ही इमर्जन्सी नव्हती म्हणून विमा कंपनीने हात वर केले. तो बिल घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "मॅडम, नऊशे दिरहम. पता है इंडिया का कितना होता है? बीस हजार से ऊपर!" मी काय सांगणार होते? तुझ्या आधी एक बाई आली होती, हे? तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. मॅनेजरनी पुन्हा स्क्रीन वळवला, या वेळी रेफरल फार होतात म्हणून. एका पेशंटला लागणारा माझा वेळही वाढला होता. त्यावर त्यांनी फक्त बोट ठेवलं.

त्या बसवरच्या बाईची फाइल मी उघडत नव्हते. ती आली ते उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, नवऱ्याबरोबर, शुगर तपासायला. काठी नव्हती. डाव्या पायाला बुटात जाईल अशी प्लास्टिकची पट्टी होती, पाऊल उचललं जावं म्हणून. तिने खुर्ची माझ्याकडे ओढली.

"लघवीचं कसं आहे?" मी विचारलं.

"आता होते आपोआप. चार-पाच महिने नळीनं काढावी लागली. मीच शिकले. शरम वाटायची, मग गेली." नवरा भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला. "बसवर नाय घेत आता. शाळेतच दिलंय काम, लायब्ररीत. पुस्तकांना कव्हर घालते. पगार कमी, पण मुलीची फी तीच राहिली."

मी रक्तदाब घेतला. पट्टा सोडता सोडता ती म्हणाली, "भावानं केलं ते. मना विचारलंच नाय. कळलं तेव्हा मी त्याच्या घरी गेले नाय ईदला."

"राहू द्या भाभी."

"कसं राहू देऊ? मी त्याला म्हटलं, मंजुरी नाय म्हणणाऱ्यांवर कर ना केस. तर म्हणतो, त्यांचं नाव कुठे हाय कागदावर? डॉक्टरचंच हाय."

नवरा पहिल्यांदा बोलला. "मॅडम, मलाही राग होता तुमच्यावर. खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशीच नेलं असतं तर, असं वाटायचं."

"मलाही वाटतं," मी म्हटलं.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. कमिटीसमोर मी ते बोलले नव्हते, नवऱ्यासमोरही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला धक्का बसलेला दिसला नाही, बरंही वाटलेलं दिसलं नाही.

"पहिल्या दिवशी मी हॉस्पिटलात आले असते का पण?" ती म्हणाली. "बस सोडून? नसते आले. तुमी कितीबी सांगितलं असतं तरी." मग पाय पुढे करून तिने पट्टी दाखवली. "हे घोट्याला घासतं. बघा ना जरा, इथे लाल झालंय."

मी स्टूल ओढून खाली वाकले. तिने बूट काढला.